सगळ्यांना मत मिळवून दिलं, पण स्वतः दोनदा हरले: बाबासाहेब आणि दोन मतपत्रिकांची गोष्ट

१९५१-५२ च्या हिवाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातला एखादा शेतमजूर आयुष्यात पहिल्यांदा मतदान करायला गेला, तेव्हा लोकसभेसाठी त्याच्या हातात दोन मतपत्रिका पडल्या. रुपयाच्या नोटेएवढे दोन कागद. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, शिक्का मारायचा नाही, काही लिहायचंही नाही. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चित्र. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचं झाड, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, अशी ती चित्रं देशभर ओळखीची झाली होती. पसंतीच्या चित्राच्या पेटीत कागद टाकला की झालं मतदान.

घोळ व्हायचा तो दुसऱ्या कागदाचा. तो कुठे टाकायचा? पहिला जिथे टाकला तिथेच टाकला तर चालेल का?

तेव्हा बुलढाणा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. लोकसभेला बुलढाणा-अकोला असा एकच जोडमतदारसंघ होता आणि त्यातून दोन खासदार निवडायचे होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. त्या निवडणुकीत इथून काँग्रेसचे गोपाळराव खेडकर आणि लक्ष्मणराव भटकर दिल्लीला गेले. देशात असे अनेक दुहेरी मतदारसंघ होते. त्यांचा नियम सोपा वाटतो, पण लाखो लोकांच्या लक्षात तो आला नाही: मतं दोन, पण एका उमेदवाराला एकच. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एकच मत धरायचं, दुसरं बाद.

हा नियम ज्या कायद्यात आहे, तो लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये संसदेत मांडला होता तेव्हाचे कायदामंत्री डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी. आणि पुढच्या काही महिन्यांतच मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला, तेव्हा चर्चा झाली ती याच बाद झालेल्या मतांची.

बाबासाहेबांबद्दल राज्यघटना, महाड, पुणे करार, धम्मदीक्षा हे सगळं शाळेपासून सांगितलं जातं. पण १९१९ ते १९५६ अशी सदतीस वर्षं त्यांनी एक विषय जवळजवळ कधीच हातातून सोडला नाही. तो म्हणजे मत. ते कुणाला मिळावं, कसं द्यावं, कसं मोजावं आणि ते वाया कसं जातं.

सत्ताविशीतला प्राध्यापक

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील लष्करातले सुभेदार. मुंबईत एल्फिन्स्टनमधून बी. ए., मग बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. हा प्रवास बहुतेकांना माहीत आहे. १९१८ च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि दोन-तीन महिन्यांतच त्यांना एका समितीसमोर साक्ष द्यायची संधी मिळाली.

ही साउथबरो समिती. भारतात कुणाला मताचा हक्क द्यायचा, हे ठरवण्यासाठी इंग्रज सरकारने ती नेमली होती. २७ जानेवारी १९१९ ला आंबेडकर तिच्यासमोर उभे राहिले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. अस्पृश्यांची बाजू महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही मांडली.

त्या काळी मत हा हक्क नव्हता, ती ऐपतीची खूण होती. शेतसारा किती भरता, घरभाडं किती देता, कर किती, यावर मतदार ठरायचा. १९१९ च्या कायद्याने जी व्यवस्था आली, तिच्यात शंभर माणसांमागे जेमतेम तीन-चार मतदार होते. वऱ्हाडात, म्हणजे आजच्या अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या पट्ट्यात, ज्याच्या नावावर पुरेशी जमीन त्यालाच मत, असा याचा सरळ अर्थ. मेहकर, चिखलीकडच्या काळ्या जमिनीवर राबणारा पण सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस यादीत यायचं काही कारणच नव्हतं. त्याच्या बायकोचा तर विचारही कुणी केला नव्हता.

आंबेडकरांचं म्हणणं असं होतं की संपत्तीची अट ठेवली तर अस्पृश्यांचे मतदार बोटांवर मोजण्याएवढेच निघतील, म्हणून अट खाली आणा आणि त्यांना स्वतःचे प्रतिनिधी निवडू द्या. पण त्यामागचा विचार जास्त महत्त्वाचा होता. मत म्हणजे फक्त कुणाला तरी निवडून देण्याची सोय, असं ते मानत नव्हते. माणसं एकत्र राहतात तेव्हा कोणत्या अटींवर राहायचं हे ठरतं, आणि त्या अटी ठरवण्यात वाटा मिळणं म्हणजे मत. शिवाय मत देता देताच माणूस राजकारण शिकतो. आधी शिका, मग मत देऊ, हा क्रम त्यांना मान्य नव्हता.

समितीने यातलं फारसं काही स्वीकारलं नाही. मुंबईच्या कायदेमंडळात अस्पृश्यांना सरकारनियुक्त प्रतिनिधीवर समाधान मानावं लागलं.

अडाणी माणसाला मत कशाला?

हा प्रश्न आजही निकालाच्या दिवशी घरोघरी ऐकू येतो. आपल्याला न आवडणारा उमेदवार जिंकला की लोक म्हणतात, शिकलेल्यांनाच मत द्यायला हवं. शंभर वर्षांपूर्वी हाच मुद्दा जाणती, मोठी माणसं गंभीरपणे मांडत होती.

१९२८ मध्ये सायमन कमिशन आलं. काँग्रेसने त्यावर बहिष्कार टाकला होता. आंबेडकरांनी मात्र साक्ष दिली, आणि मुंबई इलाख्याच्या प्रांतिक समितीवरही काम केलं. समितीच्या अहवालाशी न पटल्यामुळे मे १९२९ मध्ये त्यांनी आपला वेगळा अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मताचा हक्क मागितला. खुद्द इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळून तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं.

साक्षरतेची अट मागणाऱ्यांच्या दोन चुका त्यांनी या अहवालात दाखवल्या. निरक्षर माणूस म्हणजे अक्कल नसलेला माणूस, हे समजणं ही पहिली. आणि लिहिता-वाचता आलं की माणूस आपोआप जास्त जाणता होतो, ही दुसरी. बाजारात कापसाचा भाव ठरवणारा, दुष्काळात घर चालवणारा माणूस स्वतःचं हित ओळखतो, त्याला त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही, असा या युक्तिवादाचा रोख आपण आपल्या भाषेत सांगू शकतो.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. जाणता मतदार त्यांना नको होता असं अजिबात नाही. मताच्या आधी शिक्षणाची परीक्षा नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मतदाराला जाणतं करण्याची जबाबदारी पक्षांची, वर्तमानपत्रांची, कार्यकर्त्यांची. त्यांनी स्वतः ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) ही पत्रं काढली ती यासाठीच. त्यांत कौन्सिलात काय चाललंय, कोणतं विधेयक कुणाच्या फायद्याचं आहे, हे सोप्या मराठीत समजावलेलं असे. आज ज्याला एक्सप्लेनर म्हणतात, साधारण तेच काम.

पुणे करार, वऱ्हाडाच्या बाजूने

गोलमेज परिषदा, ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा, येरवड्यातलं गांधीजींचं उपोषण आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मताच्या अंगाने त्यातली एकच गोष्ट पाहू.

जातीय निवाड्यात अस्पृश्यांना दोन मतं होती. एक स्वतःच्या स्वतंत्र मतदारसंघात, फक्त स्वतःचा प्रतिनिधी निवडायला. दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात, बाकी सगळ्यांबरोबर. म्हणजे सवर्ण उमेदवारालाही त्यांच्या दारात यावं लागलं असतं. करारात हे दुसरं मत गेलं, पण जागा वाढल्या. देशभरात ७१ च्या जागी १४८. बुलढाणा ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, तिथे १० च्या २० झाल्या. मात्र राखीव जागेवरचा उमेदवार आता सगळ्यांच्या मतांनी निवडून यायचा होता.

जागा दुप्पट झाल्या, हा फायदाच ना? आंबेडकरांचं पुढचं मत तसं नव्हतं. जागा राखीव असली तरी ती कुणाच्या मतांवर भरते, हे त्यांच्या लेखी जागेपेक्षा मोठं होतं. ज्याला आपल्या समाजाची मतं फार मिळाली नाहीत, तोही इतरांच्या मतांवर त्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून निवडून येऊ शकत होता.

१९३७ च्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. बाबासाहेब स्वतः मुंबईतून उभे होते आणि समोर होते क्रिकेटपटू पी. बाळू, म्हणजे बाळू पालवणकर. ज्यांच्या फिरकीचं तरुणपणी आंबेडकरांनाही कौतुक होतं, तेच काँग्रेसचे उमेदवार. बाबासाहेब जिंकले. मुंबई इलाख्यात तेव्हा एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदार आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देऊ शकत होता. संख्येने कमी असलेल्या गटाला यात मोठा आधार असतो. सगळे एकजुटीने एकाच पेटीकडे गेले की आपला माणूस येतो.

हा नियम लक्षात ठेवा. पंधरा वर्षांनी तो बदललेला होता.

यादीत नाव आहे का, हाच पहिला प्रश्न

घटना समितीत बाबासाहेब १९४६ मध्ये बंगालमधून निवडून आले, फाळणीनंतर मुंबईतून. मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. राज्यघटनेच्या कलम ३२६ ने २१ वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलं. पुढे ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ही अट १८ वर आली. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. अशा देशाने सुमारे १७ कोटी ३० लाख लोकांना एका फटक्यात मतदार केलं.

कलम ३२६ सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधीची दोन कलमं फारशी कुणी वाचत नाही, पण खरी गंमत तिथे आहे. कलम ३२५ सांगतं की मतदारसंघात यादी एकच असेल. धर्म, जात, लिंग यावरून वेगळी यादी नाही. आणि कलम ३२४ निवडणूक आयोगाचं. सुरुवातीच्या मसुद्यात राज्यांसाठी वेगवेगळे आयोग होते. जून १९४९ मध्ये आंबेडकरांनी तो बदलला आणि संसद व विधानसभांच्या निवडणुका एकाच मध्यवर्ती आयोगाकडे दिल्या. कारण फार रोकडं होतं. काही प्रांतांत वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या वंशाच्या लोकांची नावं मतदार यादीतून गाळली जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. स्थानिक सरकारच्या हाताखालचा अधिकारी यादी करणार असेल तर सरकारला नको असलेला माणूस यादीतूनच गायब होईल, ही भीती होती. मत देण्याचा हक्क घटनेत असून उपयोग काय, नाव यादीत नसेल तर?

पहिल्याच निवडणुकीत याचा वेगळा नमुना दिसला. घरी यादी करायला आलेल्या माणसाला बऱ्याच बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर राहिली. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. नाव सांगायचं असतं, हे त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आजही गोष्ट इथूनच सुरू होते. ओळखपत्र खिशात असलं म्हणजे मत आहे असं नाही, नाव यादीत लागतं. नवीन नावासाठी नमुना ६ भरावा लागतो आणि २०२२ पासून १ जानेवारीसोबत १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांनाही १८ पूर्ण करणाऱ्यांची नोंद होते. लग्न होऊन देऊळगाव राजाहून शेगावला गेलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत राहून जाणं, ही जिल्ह्यात कुणालाही ओळखीची वाटेल अशी अडचण. त्यासाठी नमुना ८ आहे. गाव सोडून सुरत-पुण्याला कामाला गेलेल्यांचं काय, याचं चांगलं उत्तर व्यवस्थेकडे अजून नाही.

७४,३३३

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. तब्येत साथ देत नव्हती, मधुमेह बळावला होता, पायांचं दुखणं होतं. तरी ते उत्तर मुंबईतून उभे राहिले, राखीव जागेवर. मतदारसंघ दुहेरी. सर्वसाधारण जागेवर त्यांच्या मित्रपक्षाचे, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. हिशेब साधा होता. फेडरेशनच्या मतदाराने एक कागद हत्तीला, एक झाडाला द्यायचा. समाजवादी मतदारानेही तसंच करायचं.

निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतं घेऊन निवडून आले होते. आंबेडकरांना १,२३,५७६ मतं होती. फरक १४,५६१ चा.

आणि बाद झालेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३. फरकाच्या पाचपटीहून जास्त.

आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका केली. मतं वाया घालवण्याचा प्रचार मुद्दाम झाला, असा त्यांचा आरोप होता आणि त्याचा रोख कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्या प्रचारावर होता. याचिका फेटाळली गेली. ते ७४ हजार कागद कुणी मुद्दाम वाया घालवले आणि कुणी नियम न कळल्याने दोन्ही एकाच पेटीत टाकले, हे कागदाकडे पाहून कळत नाही. बादच्या ढिगात दोन्ही सारखेच. पण १९३७ मध्ये जे करून चाललं होतं, तेच १९५२ मध्ये केलं की मत फुकट जात होतं, हे मात्र खरं. आणि या पराभवाचा सगळा दोष विरोधकांच्या कारस्थानावर टाकून मोकळं होणं हे थोडं सोयीचं आहे. राज्यकर्त्या काँग्रेसची लाट, युतीतल्या एका पक्षाच्या मतदाराने दुसऱ्याला मत न देणं, हेही त्यात होतंच.

याच्या उलट चित्र त्याच निवडणुकीत सोलापूरला दिसलं. तोही दुहेरी मतदारसंघ. तिथे फेडरेशनचे पां. ना. राजभोज आणि शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, दोघंही निवडून आले. एकमेकांच्या मतदारांनी दुसरा कागद ठरल्या पेटीत टाकला की काय होतं, ते तिथे कळलं.

बाबासाहेब मग मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

भंडारा

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याच्या दोन जागांसाठी पोटनिवडणूक लागली. आता मैदान विदर्भाचं होतं. फेडरेशनची स्थापना १९४२ मध्ये नागपुरातच झालेली, कार्यकर्त्यांचं जाळं इथे घट्ट. बाबासाहेब राखीव जागेवर आणि सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता, आता प्रजा समाजवादी पक्षाकडून.

कार्यकर्ते मुंबईचं विसरले नव्हते. त्यांनी एक युक्ती सुचवली. आपल्या लोकांना सांगू या की एक मत हत्तीला द्या आणि दुसरा कागद सरळ वाया घालवा. कारण दुहेरी मतदारसंघात दुसऱ्या उमेदवाराला दिलेलं मत शेवटच्या बेरजेत आपल्याच माणसाला भारी पडू शकतं. गणित म्हणून युक्ती बिनचूक होती. पण बाबासाहेबांनी नकार दिला, असं त्या भागातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सांगितलं जातं. मताचा हक्क घटनेत लिहिणाऱ्या माणसाने लोकांना मत फेकून द्यायला सांगायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. हरलो तरी चालेल, ही त्यांची भूमिका होती.

आणि ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी निवडून आले. अशोक मेहता जिंकले. फेडरेशनच्या लोकांनी दुसरं मत इमानाने दिलं होतं, समोरून तेवढं परत आलं नाही, असाच या निकालाचा अर्थ तेव्हा लावला गेला.

हा प्रसंग अनेकदा त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. पण त्यांनी तो तिथे सोडून दिला नाही. ते पुन्हा नियमांकडे वळले. १९५५ मध्ये त्यांनी भाषावार राज्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात महाराष्ट्राचे भाग पाडताना बुलढाणा त्यांनी नागपूर-अमरावतीबरोबर पूर्व महाराष्ट्रात ठेवला होता. त्याच पुस्तकात त्यांनी निवडणुकीची पद्धत बदलण्याची सूचना केली: दोन-तीन जागांचे मतदारसंघ ठेवा, पण मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा द्या. म्हणजे १९३७ ची मुंबईची पद्धत. ज्या कायद्यावर स्वतः संसदेत उभे राहिले होते, त्याच्यापेक्षा वेगळं मत त्यांनी चार वर्षांत छापून दिलं. त्याच वर्षी फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळातल्या राखीव जागा बंद कराव्यात, असा ठरावही केला.

जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. विद्यार्थी होते जेमतेम पंधरा. कायदेमंडळ कसं चालतं, भाषण कसं करायचं, पक्ष कसा बांधायचा, असे विषय. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पुढे काही महिन्यांत शाळाही बंद पडली.

दुसरा कागद गेला, पण दुसरं बटण आहे

१९५७ ची निवडणूक आली तोवर बुलढाणा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता आणि लोकसभेचा वेगळा, एका जागेचा मतदारसंघ झाला होता. इतर ठिकाणी दुहेरी मतदारसंघ चालूच राहिले. त्या निवडणुकीत आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात व्ही. व्ही. गिरी हरले, दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ संपले. १९७७ पासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत बुलढाण्याची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. उमेदवार त्या समाजाचा, मतदार मात्र जिल्ह्यातले सगळे. पुणे कराराने घालून दिलेली चौकट ती हीच.

आता जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत, पण लोकसभेला मलकापूरचा मतदार बुलढाण्यासाठी नाही, रावेरसाठी मत देतो. प्रत्येक निवडणुकीत कुणी ना कुणी बुलढाण्याच्या उमेदवारावरून मलकापुरात वाद घालताना सापडतो, हा भाग वेगळा. उमेदवारावरचे गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण यांचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. ही सोय २००२-०३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे झाली. ते वाचायला दहा मिनिटं लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघाचा निकाल लागला तो ८४१ मतांनी.

आणि एकाहून जास्त मतं संपली असं वाटत असेल, तर गावातली निवडणूक आठवा. जिल्हा परिषदेच्या वेळी एक मत जिल्हा परिषदेला, एक पंचायत समितीला. खामगाव, चिखलीसारख्या नगरपालिकांत प्रभागातल्या दोन जागांची दोन आणि नगराध्यक्षाचं तिसरं. ग्रामपंचायतीत तर थेट सरपंचाचं एक आणि वॉर्डात जितके सदस्य, तितकी आणखी. या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, त्यासाठी राज्य निवडणूक आयोग वेगळा आहे, त्यामुळे तक्रारही तिकडेच करावी लागते. वॉर्डातल्या जागा अ, ब, क अशा असतात, त्यातली एखादी राखीव, एखादी महिलांसाठी. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे आणि बटण वेगळं. ओळखीच्या माणसाचं एक बटण दाबून मतदार बाहेर पडायला लागला की आतला कर्मचारी त्याला हाक मारून थांबवतो, की अजून मतं बाकी आहेत.